युद्धपटांतील लढाई आणि आपल्या घरातील माणसे : अनुभव धागा

पारिजातक (नाशिक रोड)

गेल्या शनिवारी माझा भाचा आमच्याकडे मुक्कामाला होता. रात्री जेवणे उरकल्यावर त्याने टीव्हीवर 'सेव्हिंग प्रायव्हेट रायन' हा १९९८ सालचा चित्रपट लावला. माझे बाबा तोफखान्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले असून १९९९ च्या उन्हाळ्यात ते द्रासला बोफोर्स तोफेवर होते. युद्धाचा चित्रपट सुरू झाला की ते काही न बोलता उठून आपल्या खोलीत जातात, आणि आम्हीही त्यांना कधी आग्रह केलेला नाही. त्या रात्री मात्र ते आरामखुर्चीतच बसून राहिले.

या चित्रपटाच्या आरंभी ६ जून १९४४ रोजी ओमाहा किनाऱ्यावर उतरलेल्या सैनिकांचे साधारण चोवीस मिनिटांचे दृश्य आहे. मी ओटा पुसता पुसता बाहेर डोकावले, तेव्हा बाबांचे ओठ हलताना दिसले. जवळ जाऊन ऐकले तर ते 'एक... एक... एक...' असे पुटपुटत होते आणि त्यांची मोजणी एकच्या पुढे सरकत नव्हती.

मोजण्याची ही सवय मला लहानपणापासून ठाऊक आहे. पावसाळ्यात वीज चमकली की ते मनात आकडे मोजतात आणि गडगडाट ऐकू आला की 'दोन किलोमीटर' असे म्हणून पुन्हा आपल्या कामाला लागतात. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात, एवढेच त्यांनी मला शाळेत असताना समजावले होते. त्या रात्री पहिल्यांदाच त्यांनी सांगितले की द्रासला समोरच्या कड्यावर गोळा फुटल्याचा उजेड आधी दिसायचा, आवाज बराच मागून यायचा, आणि त्या दोहोंच्या मधल्या सेकंदांत तोफेवरची सगळी माणसे श्वास रोखून उभी असायची. चित्रपटात उजेड आणि आवाज एकाच क्षणी येत होते, त्यामुळे त्यांना मोजायला जागाच मिळत नव्हती.

पुढे किनाऱ्यावरच्या कॅप्टनच्या जवळ स्फोट होतो आणि त्याच्या कानांत सगळे आवाज बुजल्यासारखे होतात, तो प्रसंग आला. बाबांनी हात वर करून भाच्याला चित्रपट थांबवायला सांगितले, तो तुकडा मागे नेऊन पुन्हा लावायला लावला, आणि नंतर तिसऱ्यांदाही. मग ते म्हणाले, "हे यांना कुणी सांगितलं?" त्यांच्या डाव्या कानाला तेव्हापासून कमी ऐकू येते, त्यामुळे घरातले सगळे त्यांना उजव्या बाजूने हाक मारतात. त्या कानात सतत एक बारीक शिट्टी वाजत असते, हे मात्र पंचवीस वर्षांहून अधिक काळ आमच्यापैकी कुणालाही ठाऊक नव्हते. त्या रात्री ते दीड तास बोलत होते. चाळीस किलोंहून जड गोळा विरळ हवेत उचलताना पाचव्या-सहाव्या गोळ्यानंतर गुडघे कसे लटपटतात, कानांतले कापसाचे बोळे काढायचे राहून जायचे आणि मग समोरचा काय ओरडतो आहे ते ओठांवरून कसे ओळखावे लागायचे, हे सारे त्यांनी सांगितले. माझी आई दारात उभी राहून ऐकत होती, आणि तिच्याही कानावर हे पहिल्यांदाच पडत होते, असे ती मला नंतर म्हणाली.

म्हणून हा धागा काढते आहे. अलीकडच्या युद्धपटांतील कोणता प्रसंग आपल्याला किंवा आपल्या घरातील माणसाला खरा वाटला, आणि कोणता खोटा, ते कृपया सविस्तर लिहावे.

घाटमाथा

पारिजातक ताई, आपल्या वडिलांना माझा राम राम सांगावा. मी पायदळातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो आणि त्याच उन्हाळ्यात त्याच भागात होतो. पलटणीचे नाव येथे लिहीत नाही, कारण मी लिहितो आहे ते माझ्या एकट्याचे मत आहे.

चित्रपटांत मला सर्वांत खोटे वाटते ते धावणे. सोळा हजार फुटांवर माणूस धावत नाही. तो एक पाऊल टाकतो, दगडाला धरतो, तीन श्वास घेतो आणि मग दुसरे पाऊल टाकतो. पाठीवर वीस-पंचवीस किलो वजन असते, आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला एक हिशोब करावा लागतो, तो म्हणजे खाण्याचे जिन्नस घ्यायचे की तेवढ्याच वजनाच्या गोळ्या घ्यायच्या. आमच्यापैकी बहुतेकांनी गोळ्या घेतल्या आणि खिशात गूळ-शेंगदाणे टाकले. पाणी संपले की खडकाच्या सावलीतला बर्फ चोखायचा, पण गोळ्यांच्या माऱ्याने तो बर्फही काळा झालेला असायचा आणि त्याला दारूची चव यायची. ही चव मी अद्याप एकाही चित्रपटात पाहिलेली नाही, आणि पडद्यावर ती दाखवता येईल असेही मला वाटत नाही.

दुसरी गोष्ट घोषणेची. रात्रीच्या चढाईत तोंडातून शब्द काढायचा नसतो. खोकला आला तर माणूस बाहीत तोंड खुपसतो. 'बोल श्री छत्रपती शिवाजी महाराज की जय' ही आरोळी अगदी शेवटच्या काही पावलांवर उठते, आणि ती का उठते ते तेथे असणाऱ्यालाच कळते. कित्येक तास कोंडलेला श्वास तेव्हा एकदम बाहेर पडतो. चित्रपटांतील नायक मात्र पायथ्यापासूनच मोठमोठे संवाद म्हणत चढतात.

'एलओसी कारगिल' हा २००३ सालचा चित्रपट सव्वाचार तासांचा आहे आणि त्याच्या लांबीवर त्या वेळी पुष्कळ टीका झाली. मला मात्र ती लांबीच खरी वाटली. माझ्या शेजारी बसलेला माझा मुलगा तिसऱ्या तासाला कंटाळून म्हणाला की आणखी किती कडे घ्यायचे बाकी आहेत. मी त्याला सांगितले की अरे, आम्हीही त्या दिवसांत एकमेकांना हेच विचारत होतो.

सायली_वाचते

काका, आपले लेखन वाचून अंगावर काटा आला. माझा मावसभाऊ सियाचेनला होता आणि तो नेहमी 'हॅपो' असा एक शब्द वापरायचा, पण त्याचा अर्थ विचारायचे आम्हाला कधी धाडस झाले नाही. आपण थोडे सांगू शकाल का?

घाटमाथा

सायली ताई, उंचीवर फुप्फुसांत पाणी भरते, त्या आजाराला फौजेत हॅपो म्हणतात. तो होऊ नये म्हणून नऊ हजार फुटांवर सहा दिवस, बारा हजारांच्या पुढे चार दिवस आणि पंधरा हजारांच्या पुढे आणखी चार दिवस अंगाला हवा मानवू द्यायची, असा शिरस्ता आहे. १९९९ साली घाईत पुष्कळांना एवढी सवड मिळाली नाही. शत्रूची एकही गोळी न लागता माणूस रात्रीत जाऊ शकतो, आणि त्याच्या छातीतून येणारा घुरघुर आवाज तंबूतील सर्वांना ऐकू येत असतो. आपल्या भावाला अवश्य विचारा. विचारले नाही म्हणून न सांगणारे आमच्यात खूप जण आहेत.

खडकीची_वाट

मी भौतिकोपचार तज्ज्ञ आहे आणि पुण्यात कृत्रिम पाय बसवलेल्या जवानांबरोबर मी अनेक वर्षे काम केले आहे. चित्रपटांत जखमी सैनिकाला हेलिकॉप्टरमध्ये चढवले की त्याची गोष्ट संपते आणि कॅमेरा पुन्हा लढाईकडे वळतो. माझ्याकडे येणाऱ्यांची गोष्ट त्या हेलिकॉप्टरच्या दारातून सुरू होत असे.

सुरुंगाचे उदाहरण घ्या. पडद्यावर सुरुंग फुटला की माणूस हवेत उडतो, ज्वाला दिसतात आणि दृश्य बदलते. प्रत्यक्षात पायाखालचा छोटा सुरुंग माती, गवत, बुटाचे तळवे आणि मोज्याचे धागे पोटरीच्या मांसात खोलवर घुसवतो. ही घाण वर कुठपर्यंत गेली आहे हे पाहूनच पाय कुठे कापायचा ते शल्यचिकित्सक ठरवतात, म्हणून जखम घोट्याला असूनही पाय गुडघ्याखाली बराच वर गमवावा लागतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये पश्चिम सीमेवर सैन्य उभे राहिले, तेव्हा युद्ध झाले नाही असेच आपण सगळे म्हणतो. पण सीमेवर सुरुंग पेरताना आणि पुढे ते काढताना ज्यांचे पाय गेले, त्यांच्यापैकी काहींना मी पुन्हा उभे राहायला शिकवले आहे. त्या लढाईवर चित्रपट निघणे कठीण आहे, कारण त्यात शत्रूच समोर येत नाही.

एक जवान माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. तो सोलापूरकडच्या एका खेड्यातला होता. नवा पाय बसवून तो चालायला लागला, पायऱ्या चढला, आणि आम्ही सर्वांनी टाळ्या वाजवल्या. त्याने मला बाजूला घेऊन हळूच विचारले, "ताई, पंगतीत मांडी घालून बसता येईल का? धाकट्या बहिणीचं लग्न आहे." त्यानंतरचे तीन आठवडे आम्ही दोघांनी केवळ जमिनीवर बसण्याचा आणि हाताचा आधार न घेता उठण्याचा सराव केला. नसलेल्या पायाच्या अंगठ्याला रात्री खाज सुटते, असे तो सांगायचा, आणि खाजवण्यासाठी हात खाली गेला की गादीच हाताला लागायची.

ध्वनिसंयोजक_दादर

खडकीची_वाट, आपला प्रतिसाद मी दोनदा वाचला. मी चित्रपटांच्या ध्वनीचे काम करतो आणि पारिजातक यांच्या वडिलांनी जे मोजले, त्याचा दोष आमच्या व्यवसायाकडे जातो. म्हणून सविस्तर लिहितो.

रायफलची गोळी आवाजापेक्षा वेगाने जाते. त्यामुळे जिच्यावर गोळी झाडली जाते त्या व्यक्तीला आधी कानाजवळ चाबकासारखा कडाका ऐकू येतो आणि ती कुठून आली तो 'धप्प' असा आवाज नंतर पोहोचतो. फौजेतील माणसे या दोन आवाजांतील अंतरावरून बंदूक किती दूर आहे याचा अंदाज घेतात. आम्ही मात्र हे दोन्ही आवाज एकत्र करतो, त्याखाली आणखी एक खर्जातला आवाज मिसळतो, आणि प्रेक्षकाला खुर्चीत हादरा बसला की काम चांगले झाले असे समजतो. हातबॉम्बचेही तसेच आहे. खरा हातबॉम्ब फुटला की काळपट धूर आणि धूळ उठते, आणि तेही क्षणभरच. पडद्यावर दिसणारा नारिंगी भडका पेट्रोलचा असतो, कारण रात्रीच्या दृश्यात धूळ दिसत नाही.

पारिजातक यांनी उल्लेख केलेल्या चित्रपटात निदान दोन गोष्टी जाणीवपूर्वक वेगळ्या केल्या होत्या. किनाऱ्यावरच्या दृश्यात कॅमेऱ्याचे शटर नेहमीच्या १८० अंशांऐवजी ९० आणि ४५ अंशांवर ठेवले होते. त्यामुळे प्रत्येक चौकट कमी धूसर होते आणि उडणारी वाळू कणाकणाने, तुटक तुटक दिसते. शिवाय त्या लढाईवर पार्श्वसंगीत अजिबात घातलेले नाही. संगीत नसले की आता भ्यायचे की अभिमान वाटून घ्यायचा, हे प्रेक्षकाला कुणी सांगत नाही.

काही वर्षांपूर्वी एका युद्धपटाच्या कामात मी एका चकमकीतील गोळ्यांचे दोन आवाज वेगळे ठेवून पाहिले होते. दिग्दर्शकांनी ते ऐकले आणि आवाज चुकून मागेपुढे झाले आहेत असे सांगून एकत्र करायला लावले. मी एकत्र केले. त्या वेळी मी आग्रह धरायला हवा होता, असे आज हा धागा वाचताना मनापासून वाटते.

पारिजातक (नाशिक रोड)

ध्वनिसंयोजक, आपला प्रतिसाद मी बाबांना वाचून दाखवला. ते म्हणाले की तुम्ही आवाज वेगळे ठेवून पाहिलेत हेच पुष्कळ झाले. आमच्याकडे आता पावसाची सर आली आहे, उरलेले प्रतिसाद कपडे आत घेतल्यावर वाचते.

माणगावकर

आमच्या माणगावात नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे आणि शाळेत जाता-येता आम्ही तो रोज पाहायचो. ते जवळच्याच पळसगावचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीतील टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात शत्रूच्या मशीनगनने त्यांच्या तुकडीतील त्यांच्याखेरीज सर्वांना ठार वा जखमी केले. तेव्हा वयाच्या बाविसाव्या वर्षी ते एकटे त्या ठाण्यावर चालून गेले. आधी हातबॉम्ब टाकला, मग गोळ्या झाडल्या, आणि मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांशी झुंजले. त्यानंतर लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्यांनी ते धारातीर्थी पडले आणि त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. संगमनेरकडचे नामदेव जाधव यांनी ९ एप्रिल १९४५ रोजी सेनिओ नदीवर दोन जखमी सोबत्यांना एकेक करून सुरक्षित जागी नेले आणि मग एकट्याने मशीनगनची ठाणी निकामी केली. बंधाऱ्यावर चढून त्यांनी मराठ्यांची युद्धघोषणा दिली होती. घाटमाथा काकांनी शेवटच्या पावलांवर उठणाऱ्या आरोळीबद्दल लिहिले आहे, ते वाचून मला हीच नोंद आठवली.

इटलीतल्या लढायांवर मी आजवर जे चित्रपट पाहिले, त्यांत एकही मराठा सैनिक मला दिसला नाही. २०१७ सालच्या 'डंकर्क'बद्दलही हीच खंत वाटते. १९४० च्या मे-जूनमध्ये त्या किनाऱ्यावरून ३,३८,२२६ सैनिकांना हलवण्यात आले. भारतीय सैन्याच्या खेचरांच्या चार कंपन्या त्या वेळी फ्रान्समध्ये होत्या, आणि त्यांचे काही जवान त्या किनाऱ्यावरही होते. चित्रपट मला अतिशय आवडला. वाट पाहत रांगेत उभ्या असलेल्या माणसांची भीती त्यात फार खरी उतरली आहे. पण त्या रांगेत आपल्याकडचा एकही चेहरा दिसला नाही, आणि मी तो शोधत होतो.

आपशिंग्याची_सून

माणगावकर, आमचे गाव आपशिंगे मिलिटरी म्हणूनच ओळखले जाते. पहिल्या महायुद्धात गावातील ४६ जण कामी आले आणि त्यांचा स्तंभ गावात उभा आहे. सासूबाई सांगायच्या की त्यांच्या आजेसासऱ्यांना मेसोपोटेमियात कूतच्या वेढ्यात घोड्याचे मांस खाण्याची वेळ आली होती. धर्म बुडेल म्हणून कित्येकांनी ते आधी खाल्ले नाही, आणि नंतर खाल्ले ते घरी कुणाला सांगितले नाही. तो वेढा डिसेंबर १९१५ मध्ये सुरू झाला आणि २९ एप्रिल १९१६ रोजी पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनला शरण जावे लागले. उपासमारीची ती लढाई कुणी संयमाने पडद्यावर आणली, तर आमचे सगळे गाव पाहायला जाईल. भाकरी तव्यावर आहे, एवढेच लिहून थांबते.

ग्रंथपाल_सांगली

आपशिंग्याची_सून यांच्या प्रतिसादाला जोडून लिहितो. २०१८ साली आलेल्या 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' या माहितीपटात पहिल्या महायुद्धातील मूळ चित्रफितींना रंग दिले आहेत आणि मूकपटातील सैनिक काय बोलत होते हे ओठांच्या हालचाली वाचणाऱ्या तज्ज्ञांकडून जाणून घेतले आहे. पारिजातक यांच्या वडिलांना तोफेवर ओठ वाचावे लागत होते, हे वाचल्यापासून मला सतत तो माहितीपट आठवतो आहे. त्यात शौचासाठी एका लाकडी दांड्यावर ओळीने बसलेले आणि कॅमेऱ्याकडे पाहून हसणारे तरुण दिसतात. शंभर वर्षांपूर्वीची ती माणसे मला तेवढ्या एका दृश्यात एकदम ओळखीची झाली.

वाटसरू_टेक्सास

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहतात, ते अमेरिकेच्या सैन्यातून इराकला जाऊन आले आहेत. आम्ही येथे राहायला आलो त्या पहिल्याच दिवाळीत मुलांनी अंगणात फटाके लावले. थोड्या वेळाने त्यांच्या पत्नी कुंपणाशी आल्या आणि अतिशय सौजन्याने म्हणाल्या की पुढच्या वेळी आधी सांगितलेत तर बरे होईल, म्हणजे ते गाडी काढून गावाबाहेर जातील. मला इतके वाईट वाटले की त्या रात्री मी फराळाचे ताट घेऊन त्यांच्याकडे गेले, आणि तेथून आमची ओळख वाढली. इथे चार जुलैला काही घरांपुढे 'येथे लढाईतून आलेला सैनिक राहतो, फटाके लावताना कृपया विचार करावा' अशा पाट्या दिसतात, त्यांचा अर्थ मला तेव्हा कळला.

२०२५ साली 'वॉरफेअर' आला, तेव्हा तो पाहण्यासाठी त्यांनी मला आणि माझ्या यजमानांना बोलावले, एकट्याने पाहवणार नाही असे म्हणाले. २००६ मधील रमादी शहरातील एका घरात अडकलेल्या तुकडीची ती हकिगत आहे. तेथे प्रत्यक्ष असलेल्या सैनिकांच्या आठवणींवरून ती लिहिलेली आहे आणि दिग्दर्शकांपैकी एक स्वतः त्या तुकडीत होते. चित्रपटाचा पुष्कळ भाग नुसत्या पाहण्यात आणि रेडिओवरच्या कंटाळवाण्या बोलण्यात जातो. मग स्फोट होतो, आणि त्यानंतर एक जखमी सैनिक ओरडू लागतो, तो ओरडतच राहतो. इतर चित्रपटांत असे ओरडणे दोन-तीन वाक्यांनंतर थांबते. माझ्या यजमानांनी आवाज कमी करण्यासाठी रिमोट उचलला, तर शेजारी शांतपणे म्हणाले, "राहू द्या. आम्हाला तो कमी करता येत नव्हता."

त्यांनी 'द हर्ट लॉकर'मधील एका प्रसंगाबद्दलही सांगितले. बॉम्ब निकामी करणारा नायक घरी परतल्यावर किराणा दुकानात न्याहारीच्या खोक्यांच्या लांबच लांब रांगेपुढे नुसता उभा राहतो. बॉम्बच्या दृश्यांत त्यांना बऱ्याच चुका दिसल्या. दुकानातला तो अर्धा मिनिट मात्र आपल्याला कुणीतरी चोरून पाहून चित्रित केल्यासारखा वाटला, असे ते म्हणाले.

उद्याचा_जवान (नांदेड)

मी भरतीची तयारी करतो आहे, रोज पहाटे पाच किलोमीटर धावतो. सर्व ज्येष्ठांचा आदर राखून एक वेगळे मत मांडतो. मी सहा वर्षांचा असताना आमच्या गल्लीत गणपतीपुढे पडदा लावून 'बॉर्डर' दाखवला होता, आणि मी सैन्यात जायचे ठरवले ते त्या रात्री. पुढे वाचल्यावर कळले की ४ आणि ५ डिसेंबर १९७१ च्या रात्री लोंगेवाला येथे साधारण १२० जवानांनी रणगाड्यांचा तांडा थोपवून धरला, हंटर विमाने रात्री उडू शकत नसल्याने सर्वांना पहाटेची वाट पाहावी लागली, आणि प्रत्यक्षात आपले दोनच जवान हुतात्मा झाले. चित्रपटात कितीतरी जण जातात. हे कळल्यावर मला चित्रपटाचा राग आला नाही, उलट त्या १२० जणांचे कौशल्य अधिकच मोठे वाटले. इतक्या कमी हानीत रात्र काढणे ही खरी कामगिरी होती, आणि चित्रपटाने ती झाकली, एवढीच माझी तक्रार आहे.

तरीही त्या चित्रपटाशिवाय मी लोंगेवालाबद्दल वाचलेच नसते. म्हणून अशा चित्रपटांना सरसकट खोटे म्हणू नये, अशी विनंती आहे. नाना पाटेकर यांचा १९९१ सालचा 'प्रहार' मी यानंतर पाहिला आणि त्यातील प्रशिक्षणाची दृश्ये पाहून मी माझा व्यायाम दुप्पट केला.

घाटमाथा

बाळा, तुझे म्हणणे मला पटते. मीही गावच्या तंबूत चित्रपट पाहूनच भरतीच्या रांगेत उभा राहिलो होतो, आणि तुझ्यासारख्याच मुलांच्या जिवावर आम्ही ते कडे चढलो. तू अवश्य जा. फक्त खडकीची_वाट ताईंनी आणि टेक्सासच्या ताईंनी जे लिहिले आहे तेही पुन्हा एकदा वाच, आणि तुझ्या आईलाही वाचायला दे, कारण तुझ्याबरोबर तीही भरती होणार आहे. धावताना आठवड्यातून दोन दिवस पाठीवर वजन घेऊन चढावर चाल, सपाटीवरच्या वेगाचा तिकडे उपयोग होत नाही.

कृष्णाकाठ

मी हे प्रतिसाद गेले दोन दिवस वाचते आहे आणि लिहावे की नाही या विचारात होते. माझे यजमान सीमेवर गेले त्याला आता बरीच वर्षे झाली. चित्रपटांत बातमी येते, पत्नीच्या हातातून भांडे पडते, आणि पुढच्या दृश्यात तिरंग्यातली पेटी असते. ते सगळे माझ्या बाबतीतही साधारण तसेच झाले, त्यामुळे त्याला मी खोटे म्हणणार नाही.

त्यानंतर जवळजवळ दोन महिन्यांनी त्यांची काळी ट्रंक आली, ती मात्र मी कुठल्याही चित्रपटात पाहिलेली नाही. झाकणावर पांढऱ्या रंगात त्यांचा नंबर, हुद्दा आणि नाव होते. सोबत वस्तूंची यादी होती आणि प्रत्येक वस्तू तपासून मला सही करायची होती. बनियन चार, टॉवेल दोन, दाढीचे सामान एक, साबण अर्धा वापरलेला एक, पत्रे एकतीस. ती पत्रे माझीच होती. यादी करणाऱ्या जवानाने साबणाचीही नोंद केली होती. तो कागदात गुंडाळून वेगळा ठेवला होता, कपड्यांना लागू नये म्हणून. त्या अनोळखी मुलाने इतक्या काळजीने ते केले होते की मला आधी त्याच्याच आठवणीने रडू आले. साबण मी अजूनही वापरलेला नाही. ट्रंकेला दर पावसाळ्यापूर्वी तेलाचा हात फिरवते, नाहीतर बिजागऱ्या गंजतात.

खडकीची_वाट

कृष्णाकाठ ताई, आपण लिहिलेत याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. मी कऱ्हाडला माहेरी येते तेव्हा आपली हरकत नसेल तर भेटायला येईन.

पारिजातक (नाशिक रोड)

आपणा सर्वांचे प्रतिसाद मी काल रात्री बाबांना उजव्या बाजूला बसून वाचून दाखवले. कृष्णाकाठ ताईंचा प्रतिसाद ऐकल्यावर ते बराच वेळ उठलेच नाहीत. मग त्यांनी घाटमाथा काकांना एक प्रश्न विचारायला सांगितले आहे, तो त्यांच्याच शब्दांत लिहिते. "आमच्या तोफा कड्यावर मारा करायच्या आणि ठरलेल्या वेळी थांबायच्या, कारण तोवर आपली माणसं वर पोहोचत आलेली असायची. ती कोण होती ते आम्हाला कधी दिसलं नाही. मारा थांबला की वर काय व्हायचं?"

घाटमाथा

हवालदार साहेब, आपला मारा चालू असेपर्यंत बंकरमधली माणसे डोके वर काढत नव्हती आणि आम्हाला चढायला मिळत होते. दगडांचे तुकडे आमच्याही अंगावर पडायचे, पण आम्हाला तो आवाज हवासा वाटायचा. तो थांबला की पहिले काही क्षण पूर्ण शांतता व्हायची, स्वतःच्या श्वासाखेरीज काही ऐकू यायचे नाही, आणि त्यानंतर वरून मशीनगन सुरू व्हायची. त्या शांततेत जेवढी पावले टाकता येतील तेवढी आम्ही टाकायचो. एका रात्री मी ती मोजली होती, अकरा झाली.

पुढच्या महिन्यात निवृत्तिवेतनाच्या कामासाठी मला नाशिकला यायचे आहे. ताई, आपला पत्ता मला व्यक्तिगत निरोपाने कळवावा, आणि मी त्यांच्या उजव्या बाजूला बसेन असे बाबांना सांगावे.